वहिनी, तू मागे चालायचीस तेव्हा

वहिनी,

तू आलीस तेव्हा आपल्या घरात चार माणसं आणि एक खोली होती. भिवंडीतल्या टेमघरची पत्र्याची खोली, आणि भिंतीला भिंत लावून मागांचा कारखाना. माग चालू असले की हंड्यातलं पाणी थरथरायचं आणि आपण घरातल्या घरात ओरडून बोलायचो. बंद पडले की जास्त भीती, कारण माग बंद म्हणजे आबा आणि दादा दोघंही घरी बसलेले. आबांचे कान मागांनी खाल्ले होते. आईला दमा. दादा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा. त्याच्या बोटांना काळं तेल कायमचं बसलेलं. आणि चौथं माणूस मी, पुस्तक घेऊन बसलेली.

कोन गावाहून लग्न होऊन आलीस आणि आठवड्याच्या आत कांडीच्या मशीनवर बसलीस. धोट्यात घालायच्या नळीवर सूत भरायचं काम ते, आपल्याकडे बायकांचंच. माझी दहावी झाली तेव्हा आईचं म्हणणं, हिलाही वहिनीशेजारी बसवू, दोन हात वाढतील. आपल्या घराण्यात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे आईचं चूक असं कोणाला वाटलं नाही. तूच चुलीपुढून मान न वळवता म्हणालीस, "एकीचं बूड मशीनवर हाय ना, दुसरीचं बाकावर राहू द्या."

एवढ्या एका वाक्यावर मी सायन्सला गेले. पदवीधर म्हणून मी मिरवते ते कोणाच्या जिवावर, हे मी कधी विसरले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मध्ये मी ते विसरले होते. हे पत्र त्यासाठीच आहे.

मी कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तू दुपारी जेवायला मशीनवरून उठलीस आणि तुझा उजवा पाय तुझ्याबरोबर उठला नाही. मुंग्या आल्या असतील म्हणून सगळ्या हसल्या. मुंग्या गेल्या, पाय आला नाही. सुताचं पोतं ओढावं तसा तो ओढत घरी आलीस. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला, डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर चावी ओढली. सगळं ठीक म्हणाले. ताकदीची इंजेक्शनं दिली. महिना झाला, दोन झाले, पाय होता तसाच.

आपल्याच गल्लीत एका शेजारणीच्या अंगात यायचं, आठवतं ना. आलं की तिचा नवरा हात जोडायचा, सासू लिंबू उतरवायची आणि दोन दिवस तिला कोणी कामाला लावायचं नाही. आपल्या घरात ते शक्य नव्हतं. आबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी देवऋषी, भगत, उतारे सगळं सोडलं होतं आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाहीत. शेजारच्या बायका आईला सांगून गेल्या की सुनेला बाहेरचं झालंय, अमक्याकडे न्या. आबांनी दारातूनच त्यांना वाटेला लावलं. मला त्याचा अभिमान वाटला. आजही वाटतो. पण बघ काय झालं. भूत आम्ही मानत नव्हतो. एक्स-रे स्वच्छ होता. मग उरलं काय? आम्ही शहाणी माणसं, आम्हाला एकच गोष्ट उरलेली दिसली. ही नाटक करते.

हे कोणी अजून तोंडाने बोललं नव्हतं. बोलले मी.

त्या दिवशी मी अभ्यासाला बसले होते. तू भिंतीला धरून उभी राहिलीस आणि लहान मुलीसारखी म्हणालीस, "सुमनबाय, एक गंमत दाखवू? मी मागं चालली का पाय माझा हाय. पुढं चालली का परका." आणि दाराकडून चुलीपर्यंत पाठमोरी चालत गेलीस. सरळ. लंगडणं नाही, ओढणं नाही. हरवलेली वस्तू सापडल्यासारखा तुझा चेहरा होता. आणि ती वस्तू तू घरात सगळ्यात आधी मला दाखवलीस, कारण मी शिकत होते, मला त्यातलं कळेल असं तुला वाटलं.

मी संध्याकाळपर्यंत थांबले. आबा आणि दादा आल्यावर म्हणाले, वहिनी, ते मघाचं दाखव. तू हसत हसत दाखवलंस. दुसऱ्यांदा तर जास्तच छान चाललीस.

"बघितलं?" मी म्हणाले. "हाड तेच, स्नायू तेच, नस तीच. मागे चालता येतं त्याला पुढे चालता येतंच. पायात काही नाही. हिला कांडीवर बसायचं नाही."

तुझं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. आबांना ऐकू आलं नव्हतं, त्यांनी विचारलं काय म्हणते, तर आईने ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यामुळे तुला ते दोनदा ऐकावं लागलं. सकाळी दादाने तुझी पिशवी भरली आणि तुला कोनला सोडून आला. पाय बरा झाला की ये, म्हणाला. त्याचा अर्थ तुलाही कळला आणि आम्हालाही. दुसरी बायको करायच्या गोष्टी आई पुढच्याच महिन्यात बोलायला लागली. दादा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

वहिनी, माझी कॉलेजची बस कोनवरून जायची. जाताना एकदा, येताना एकदा. तुझ्या माहेरचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. दीड वर्ष मी त्या बसमध्ये कोन आलं की दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायचे. एकदा तू स्टॉपजवळ काठी घेऊन उभी होतीस. तू मला बघितलंस. हातही वर केलास बहुतेक. मी वहीत डोकं घातलं.

मी पास झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. तुझा भाऊ बाजारात आबांना भेटला आणि त्याच्या तोंडी तुझा निरोप आला, सुमनबायला सांगा, बाक फुकट न्हाय गेला. आबांनी तो निरोप मला मोठ्या आवाजात सांगितला.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कधी सांगितलं नाही. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या आजारांच्या विभागात मला कारकुनाची नोकरी लागली. पेशंटची माहिती लिहायची, फायली लावायच्या, टाइप करायचं. तिथल्या एक डॉक्टर, आपण त्यांना मॅडमच म्हणत आलो, एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे होत्या. ज्यांचे हातपाय चालत नाहीत किंवा सारखे हलतात, पण तपासणीत काहीच सापडत नाही, अशा माणसांच्या. बाकीचे डॉक्टर अशा कागदावर हिस्टेरिया लिहून मोकळे व्हायचे. मॅडम त्यांना थांबवून घ्यायच्या, भल्यामोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्याने त्यांचं चालणं टिपायच्या आणि माझ्याकडून लिहून घ्यायच्या, कोण कसं चालतं, कधी बिघडतं, कशाने सुधारतं.

एक दिवस एक रिक्षावाला आला. दोन्ही पाय अडखळत, बायकोच्या खांद्यावर भार टाकून. मॅडमनी त्याला मागे चालायला सांगितलं आणि तो चालला. सरळ. दाराकडून खिडकीपर्यंत. माझ्या हातातलं पेन थांबलं. तो गेल्यावर मी मॅडमना म्हणाले, हा नाटक करतोय ना? आमच्या घरात अशी एक होती. मी पकडली तिला. आणि सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनेच.

मॅडमनी एकच विचारलं, "तिने ते लपवलं होतं का?"

"नाही. तिनेच दाखवलं."

"ढोंग करणारा माणूस आपल्या ढोंगातली फट स्वतःहून दाखवेल?"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. पाय ठीक, नस ठीक, पण चालायचं म्हणून मनाशी धरलं की हुकूम वाटेत हरवतो. नेहमीची वाट सोडून दुसरीकडून गेलं, मागे, आडवं, पळत, की तोच पाय कामाला येतो. ते ढोंगाचं लक्षण नाही, आजाराचंच लक्षण आहे. माणूस खरा आहे हे त्यावरूनच ओळखायचं. म्हणजे, वहिनी, मी तुझ्याविरुद्ध जो पुरावा दिला होता, तो तुझ्या बाजूचा होता.

पुढच्या रविवारी मी कोनच्या स्टॉपवर उतरले. तू ओट्यावर वाल सोलत बसली होतीस. मान वर केलीस आणि म्हणालीस, "आली का इन्स्पेक्टर." तुझी आई उठून आत गेली ती परत आली नाही. चहा तूच केलास, भिंत धरून. मी हॉस्पिटलचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, रिक्षावाल्याचं सांगितलं. तू वाल सोलत राहिलीस.

"त्याला कोनी खोटा म्हनला का?"

मी म्हणाले, त्याचा सख्खा भाऊ म्हणत होता.

"मंग त्यानं काय केलं?"

"काही नाही. मॅडमपुढे रडला."

"मी न्हाय रडली," तू म्हणालीस. मग सालं गोळा करून बाजूला सारलीस. "येते मी. पन टेमघरला न्हाय, हास्पिटलात. आनि तुझा दादा पायजे तिथं. कोनी सांगून न्हाय, त्याच्या हातानं बघू दे."

हातानं बघू दे हे तू सहज बोललीस, पण तसंच घडलं. मॅडमनी तुला कॉटवर झोपवलं आणि दादाला तुझ्या उजव्या टाचेखाली पंजा ठेवायला सांगितला. म्हणाल्या, बाई, उजवी टाच खाली दाबा. तू दाबलीस, कपाळावर घाम आला, दादाच्या पंजावर काही नाही. मग मॅडमनी तुझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, आता ही उजवी सोडा, डावा पाय माझ्या हाताविरुद्ध वर उचला. तू डावा उचललास आणि तुझी उजवी टाच दादाच्या पंजात अशी रुतली की त्याने हात ओढून घेतला.

त्याने पुन्हा हात ठेवला. पुन्हा करायला सांगितलं. तिसऱ्यांदाही. माग तपासताना असायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

"पट्टा उतरलाय," तो म्हणाला.

मॅडमना कळलं नाही. दादाने हातवारे करून सांगितलं. मोटर फिरते, मागही चांगला, मोटरीची फिरकी मागाला देणारा मधला पट्टा सरकला की माग उभा. मोटर उघडून बघा, काही सापडणार नाही. माग उघडून बघा, काही सापडणार नाही. मॅडमनी मला म्हटलं, हे लिहून घ्या.

तू कॉटवर पडल्या पडल्या छताकडे बघत होतीस. "पट्टा उतरला तं मागाला म्हायेरी न्हाय सोडून येत तुमी," तू म्हणालीस.

दादा तिथेच स्टुलावर बसला आणि रडला. मॅडम बाहेर गेल्या. मी नाही गेले, मला जायला हवं होतं.

मग टेमघरचे ते महिने आले. आज मागे वळून बघते तर आपल्या घरातले सगळ्यात चांगले महिने तेच होते. मॅडमनी सांगितलेलं की आधी मागे चालायचं, मग आडवं, मग मागे चालता चालता न थांबता एक पाऊल पुढे. पायाकडे बघायचं नाही, तोंडाने काहीतरी चालू ठेवायचं. तू दाराकडून नळापर्यंत गल्लीतून पाठमोरी चालायचीस आणि मी समोरून, तुझ्या डोळ्यांत बघत, पाढे म्हणून घ्यायचे. तुला तेराच्या पुढचे येत नव्हते, तिथे तू मनाने आकडे लावायचीस आणि मी दुरुस्त करायला लागले की म्हणायचीस, मास्तरीण, पाय बघ, पाढा कसला बघते. आणि तुझ्या मागे आबा. बहिरे, पंचा खांद्यावर, सगळ्या गल्लीला बाजूला सारत ओरडायचे, "सरका, आमची सून रिव्हर्समध्ये हाय." मागांतून सुटलेले यूपीचे कामगार हसत वाट द्यायचे, कोणी विचारायचं, चाचा, आगे का गिअर कब पड़ेगा? आबांना ऐकू जायचं नाही, ते त्याला सलाम करायचे.

पोरांनी तुला हडळ म्हणून चिडवलं, उलट्या पायांची. तू त्यांच्या मागे लागलीस. पाठमोरी. एक तर घाबरून गटारात पडला. आणि त्या गडबडीत, त्याला बाहेर काढायला, तू चार पावलं पुढे गेलीस. सरळ. मीच ओरडले असते, पण मॅडमनी बजावलं होतं की लक्षात आणून द्यायचं नाही. मी गप्प राहिले. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराने योग्य वेळी तोंड बंद ठेवलं असं त्या सगळ्यात एकदाच झालं.

पावसाळा संपेस्तोवर तू नळावरून हंडा घेऊन सरळ चालत आलीस. आबांनी तुला सगळ्यांसमोर सांगितलं, पोरी, आम्ही चुकलो. आईने तुझ्यापुढे ताट वाढलं, आधी तुझ्यापुढे, मग दादापुढे. दादाचं तर हॉस्पिटलातच झालं होतं. राहिले मी. मला वाटलं, मी तुला आणलं, मी तुला मॅडमकडे नेलं, त्यात आलंच की सगळं. तू एकदा शेजारणीच्या अंगात आलेलं बघून येताना मला म्हणालीस, "तिला भूत लागलं, तं तिला लिंबू मिळालं. मला नणंद लागली." आपण दोघी इतक्या हसलो की आईला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं. त्या हसण्यात मी माझी माफी उरकून घेतली. उरकली नव्हती.

मग छाया झाली. पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आई तिच्यासमोर हात पसरून मागे मागे चालते. बघणाऱ्यांना त्यात काही वाटत नाही. तू छायाला घेऊन गल्लीभर तशी चालायचीस. त्या कलेत तुझ्याइतकी तयारीची आई भिवंडीत दुसरी नव्हती.

एक भांडण आपलं अर्धं राहिलं. मी तुला दहा वर्षं विचारत राहिले, काय झालं होतं त्या दिवशी? काहीतरी मनात असणार. घरात काही लागलं असणार. मला कॉलेज आणि तुला कांडी, ते सलत असणार. तुझं दर वेळी तेच. कायी न्हाय. पाय मुंगला, उठली, न्हाय आला. मी म्हणायचे, आत दडलेलं असतं, माणसाला स्वतःलाही माहीत नसतं. तू एकदा चिडलीस. "तेव्हा म्हनली पायात कायी न्हाय. आता म्हनते मनात हाय. तुझा माझ्या सांगन्यावर इस्वास कधी बसनार?" मी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कधी कारण सापडतं, कधी नाही; तुमच्या वहिनी म्हणतात तसंही असू शकतं. मी हे तुला येऊन सांगितलं नाही. भांडणात हरायची सवय नव्हती मला.

आबा गेले तेव्हा पाय पुन्हा चार दिवस अडला. मी घाबरले, तू नाही. "मला वाट म्हाईत हाय," म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवसापासून पाठमोरी फिरायला लागलीस. मॅडम नव्या पेशंटसाठी तुला बोलवायच्या, तेव्हा छायाला काखोटीला मारून जायचीस. एका कॉलेजच्या पोरीला, जिला घरचे खोटी म्हणत होते, तू तासभर हात धरून व्हरांड्यात मागे चालवलंस. ती रडायला लागली तर म्हणालीस, रड, पन पाढा सोडू नको.

आता मुख्य गोष्ट. मॅडमनी सगळ्या केसेसचा अहवाल लिहिला तेव्हा टाइप मी केला. इंग्रजीत. तुझ्या केसमध्ये त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं की पेशंटने मागे चालता येतं हे स्वतःहून सांगितलं आणि तिच्या नणंदेने तेच ढोंगाचा पुरावा म्हणून घरच्यांपुढे ठेवलं. मी नणंदेने हा शब्द टाइप केला नाही. कुटुंबीयांनी असं टाइप केलं. मॅडमच्या नजरेतून सुटलं, किंवा त्यांनी सोडलं. पानं घरी आणून मी तुला दाखवली, हे बघ, यात तू आहेस. तू पानावरून हात फिरवलास, इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी. विचारलंस, "माझं खरं लिवलंय ना?"

मी हो म्हणाले.

गेल्या महिन्यात कावीळ झाली आणि नऊ दिवसांत तू गेलीस. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसून होते, बोलायला वेळ होता, तुला शुद्धही होती. मी सलाइनच्या थेंबांबद्दल बोलले, छायाच्या शाळेबद्दल बोलले. हे बोलले नाही.

वहिनी, मी चुकले. तू मला विश्वासाने दाखवलंस आणि मी ते चार माणसांत तुझ्या अंगावर फेकलं. तुझ्या आयुष्यातली दोन वर्षं माझ्यामुळे गेली आणि त्यातलं दीड वर्ष मी रोज दोनदा तुझ्या दारावरून गेले.

काल मी मॅडमकडे गेले. त्या आता निवृत्तीला आल्यात. मी सांगितल्यावर त्यांनी कपाटातून तुझी फाइल काढून अहवालाचं ते पान पुढ्यात ठेवलं. मी कुटुंबीयांनी हा शब्द खोडला, वर नणंदेने लिहिलं आणि बाजूला सही केली. त्याखाली मॅडमनी केली.

तू दहा वर्षं तुझ्या दोन्ही पायांनी चाललीस. तुझ्या फाइलमध्ये आता एकही खोटा शब्द नाही.

तुझी,
सुमन